बल संपत नाही

"बल संपलं, बाई."

वर्गातल्या वकिलाने हे इतक्या थंडपणे सांगितलं, की जणू घरातली साखर संपली होती. लांबलचक टेबलाच्या मध्यावर लाकडी गाडी थांबली होती. सगळी नववी टेबलाभोवती कोंडाळं करून उभी होती आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता: बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"बल संपत नाही," त्या म्हणाल्या. "बल म्हणजे काय पेट्रोल आहे संपायला? वकीलसाहेब, तुम्ही गाडी ढकललीत. गाडीवरचा हात सुटला, तुमचा आणि गाडीचा संबंध संपला. त्यानंतर ती एवढी लांब गेली ती कुणाच्या बलावर?"

"माझ्याच. मी दिलेलं बल तिच्यात साठलं होतं."

"साठलं नव्हतं! बल साठत नाही! ती आपली जात होती, कारण चालती वस्तू चालतच राहते. तिला चालायला बल लागत नाही, थांबायला लागतं. घर्षणाने तिला मागे ओढलं म्हणून ती थांबली."

"पण थांबली ना?" वकील म्हणाला.

या मुलाला वकील हे नाव बाईंनीच ठेवलं होतं. हजेरीच्या वेळी 'हजर' म्हणायच्या आधीसुद्धा तो दोन मुद्दे मांडून घेई. बरं, मुलगा मूर्ख असता तर बाईंनी त्याचा नाद सोडून दिला असता. पण तो हुशार होता, आणि हुशार मुलाच्या डोक्यात चुकीची गोष्ट घट्ट बसली की ती उपटून काढताना नाकी नऊ येतात. बाकीचा वर्ग तर त्याहून बेरकी. त्यांनी प्रश्नाचा विचार करणं केव्हाच सोडून दिलं होतं. ते बाईंचा चेहरा वाचत. बाईंची डावी भुवई वर गेली की उत्तर बदलायचं, एवढं त्यांना नेमकं कळलं होतं.

"टेबलावर पुस्तक पडलंय. त्याच्यावरची बलं कशी आहेत?" बाईंनी सगळ्यांना जागेवर बसवून पहिल्या बाकावरच्या मॉनिटरला विचारलं.

"संतुलित."

"शाबास. सरळ रस्त्यावर एकाच वेगाने, न वाढता न घटता, एक मोटार चालली आहे. तिच्यावरची बलं कशी आहेत?"

"असंतुलित." भुवई वर गेली. "नाही नाही, संतुलित!"

"का?"

मॉनिटर बाईंच्या भुवईकडे बघत राहिली. पण 'का' या प्रश्नाला भुवई काय उत्तर देणार? ती खाली बसली. मागून शिंप्याची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, बलं सारखी झाली तर कुस्तीत दोघं जागच्या जागी अडकतात. मग मोटार कशी चालेल?"

ही मुलगी सत्रभरात मोजून चार वाक्यं बोलली असेल. त्यातलं एक हे. बाईंना खरं तर तिचं कौतुक करायचं होतं, कारण निदान हिने डोकं चालवलं होतं. पण तेवढ्यात घंटा झाली आणि सगळी नववी असंतुलित बल लागल्यासारखी दाराकडे धावली. प्रयोगशाळेत बाई, गाडी आणि फळ्यावरचे बाण एवढेच उरले.

एरवी बाईंनी चार शिव्या मनातल्या मनात दिल्या असत्या आणि पुढच्या तासाला पुन्हा गाडी काढली असती. पण आता पुढचे तासच धोक्यात होते. संस्थेच्या संचालकांनी कुठल्याशा प्रदर्शनात एक भला मोठा पडदा पाहिला होता. त्या पडद्यावर एक नावाजलेले सर भौतिकशास्त्र शिकवत. एकदाच बोलून ठेवलेलं, कितीही शाळांत लावा. संचालक मूळचे फरशांचे व्यापारी. एका साच्यातून हजारो फरशा निघतात ही गोष्ट त्यांना आयुष्यभर आवडत आली होती. त्यांनी ठरवलं, पुढच्या सत्रापासून नववीचं भौतिकशास्त्र पडद्यावर. प्रयोगशाळा रिकामी करायची, टेबलं भंगारात, आणि तिथेच पडदा. बाईंनी फक्त मुलांना शांत ठेवायचं आणि बटण दाबायचं.

मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, बाईंसाठी बरीच हुज्जत घातली. शेवटी संचालक एवढंच कबूल झाले, की ते एक तास स्वतः येऊन बघतील. "प्रयोगाने मुलांना खरंच कळत असेल, तर राहू दे तुमची लॅब," ते म्हणाले होते. "पण मला दिसलं पाहिजे हं. नुसतं सांगून नाही चालणार."

आणि बाईंकडे दाखवायला काय होतं? अर्ध्यात थांबणारी गाडी.

त्या दिवशी घरी येऊन बाईंनी पर्स सोफ्यावर आपटली. नवरा कपाट सरकवत होता. म्हणजे तसा प्रयत्न करत होता. कपाटाला खांदा लावून, पाय रोवून, लालबुंद होऊन तो उभा होता आणि कपाट ढिम्म हलत नव्हतं.

"काही उपयोग नाही," तो धापा टाकत म्हणाला. "बलच लागत नाहीये याला."

"काय म्हणालात?"

"बल लागत नाहीये. हलतच नाही ना."

"लागतंय!" बाई ओरडल्या. "तुम्ही जेवढं लावताय तेवढंच फरशीचं घर्षण उलटं लावतंय! संतुलित आहेत दोन्ही, म्हणून हलत नाही. लागत नाहीये म्हणे! मग घाम कशाला आलाय तुम्हाला?"

नवऱ्याने कपाट सोडलं आणि तो कपाटाला पाठ लावून उभा राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठला वाद घालायचा नाही हे त्याला बरोबर कळत असे. "हे बघ," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुझं सगळं बरोबर असेल. पण माणसाला जे दिसतं ते असं आहे की ढकललं तर चालतं, सोडलं की थांबतं. सायकल बघ. पायडल मारायचं बंद केलं की थांबते की नाही?"

"तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा म्हणजे? सगळं जग."

बाई मटकन खाली बसल्या. नवरा बँकेत कॅशियर होता, डोक्याने चांगला होता, आणि नववीत कधीतरी कुठल्यातरी बाईंनी त्यालाही हे शिकवलं असणार. म्हणजे वकील मोठा होऊन असा होणार तर. कपाट सरकवणारा, घामाघूम, आणि आपलंच खरं म्हणणारा. बाईंना एकदम रडू यायला लागलं, आणि रडू येतंय म्हणून राग यायला लागला.

"जाऊ दे गं," नवरा म्हणाला. "लाव म्हणावं पडदा. तुझा घसा तरी वाचेल."

"घसा वाचवायला मी शिकवते का?" बाई म्हणाल्या, आणि उठून कपाटाच्या दुसऱ्या बाजूला खांदा लावला. दोघांनी मिळून ढकलल्यावर ते सरकलं. फरशीवर लांबच लांब ओरखडा उठला तो वेगळाच.

पुढचे काही दिवस बाईंनी गाडीची बडदास्त ठेवली. चाकं काढून रॉकेलमध्ये धुतली, आसांना तेल दिलं, टेबलावर जाड काच टाकून घेतली, आणि काचेखाली कागदाच्या घड्या सारून ती समपातळीत आणली. प्रयोगाचा बेतही त्यांनी आखला. एक गाडी हलकेच ढकलायची. ती काचेवरून जाईल आणि टेबलाच्या पलीकडच्या भागात उभ्या असलेल्या तशाच दुसऱ्या गाडीवर आदळेल. पहिलीच्या नाकावर मातीचा चिकट गोळा. दोन्ही गाड्या चिकटतील आणि जोडीने पुढे जातील. वजन दुप्पट झालं की वेग निम्मा झाला पाहिजे, कारण संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, तेवढाच राहतो. बाहेरून कुणी ढवळाढवळ केली नाही तर तो जन्मात बदलत नाही. हे सगळं एका झटक्यात दिसतं. बाईंना हा प्रयोग फार आवडे.

फक्त एकच अडचण होती. एवढं करूनही गाडी दुसऱ्या गाडीपर्यंत पोचता पोचता मरगळून जाई. कधी तर तिच्या अलीकडेच थांबे. जोरात ढकलली तर धडक देऊन काचेवरून उडे. आदल्या दिवशी वर्गासमोर रंगीत तालीम केली तेव्हा ती दुसऱ्या गाडीपासून वीतभर अलीकडे थांबली.

कुणी काही बोललं नाही. वकीलसुद्धा नाही. त्यामुळेच बाईंना जास्त लागलं.

"उद्या हे असं झालं तर ही लॅब जाईल," त्या म्हणाल्या. मुलांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघून गेलं. "म्हणजे तुमची काही चूक नाही. चाकांची चूक आहे. जा घरी."

मुलं गेली. पण दाराबाहेर बराच वेळ कुजबुज चालू होती. बाईंना वाटलं, सुटी मिळणार की काय यावर चर्चा चालली असेल. त्यांचा मुलांवरचा विश्वास त्या वेळी एवढाच उरला होता.

दुसऱ्या दिवशी बाई मोठ्या बाईंच्या खोलीतून संचालकांना घेऊन आल्या तेव्हा वर्ग आधीच शिस्तीत बसला होता. एवढी शिस्त बघूनच खरं तर बाईंना संशय यायला हवा होता. मॉनिटर फळ्याशेजारी उभी. वकील टेबलाच्या या टोकाला, गाडीजवळ. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला लागून जे बाक होतं, त्यावर शिंप्याची मुलगी हात बाकाखाली घेऊन मान खाली घालून बसलेली. संचालक आणि मोठ्या बाई मधल्या बाजूला खुर्च्यांवर बसले.

बाईंनी बोलायला सुरुवात केली. संतुलित बलं, असंतुलित बलं, संवेग. आवाज नेहमीपेक्षा बारीक येत होता. संचालक घड्याळाशी चाळा करत होते. "आता गाडी हलकेच ढकल आणि हात काढून घे," त्या वकिलाला म्हणाल्या. वकिलाने गाडीला बोट लावलं आणि सोडलं.

गाडी निघाली.

टेबलाचा मध्य गेला, तरी गाडी तशीच. ना घाई, ना मरगळ. काचेवरून ती एका चालीने चालली होती. इतकी वर्षं त्या जे सांगत होत्या, जे फळ्यावर बाण काढून दाखवत होत्या, जे कुणी मानत नव्हतं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. रॉकेल, तेल, काच, सगळ्याचं चीज झालं. त्यांना वाटलं, आता नवऱ्याला इथे उचलून आणावं आणि दाखवावं.

गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली. मातीचा गोळा चिकटला. आणि दोन्ही गाड्या जोडीने पुढे गेल्या.

त्याच वेगाने.

संचालकांनी टाळ्या वाजवल्या. "वा वा! सुरेख! थांबायचं नावच नाही!" मोठ्या बाईंनी सुटकेचा निश्वास टाकला. वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि तो जरा जास्तच होता.

बाई तशाच उभ्या राहिल्या. त्याच वेगाने. वजन दुप्पट, वेग तोच. म्हणजे संवेगही दुप्पट. कुठून आला? आपोआप वाढायला संवेग म्हणजे काय नवऱ्याचं पोट आहे? कुणीतरी ओढलं होतं. बाई वाकल्या. काचेच्या पातळीला डोळा आणला, तेव्हा खिडकीच्या उजेडात एक बारीक चकाकी दिसली. पहिल्या गाडीच्या पोटाखालून, दुसऱ्या गाडीच्या चाकांमधून, टेबलाच्या टोकावरून खाली, शिंप्याच्या मुलीच्या बाकाखाली. साड्यांना मणी लावायचा पारदर्शक नायलॉनचा दोरा.

बल लागत नाही हे दाखवायला यांनी बल लावलं होतं.

बाईंच्या डोक्यात सणक गेली. हसावं की या सगळ्यांना एकेक थोबाडीत द्यावी हेच त्यांना कळेना. सत्रभर घसा फोडून सांगितलं की चालत्या वस्तूला ओढावं लागत नाही, आणि या कार्ट्यांनी त्याचा पुरावा म्हणून ती ओढली! एकाचाही विश्वास नव्हता. एकाचाही नाही. बाईंना वाचवायचं म्हणून त्यांनी, त्यांच्या लेखी खोटा असलेला, बाईंचा नियम खोटेपणाने खरा करून दाखवला होता.

"ठरलं तर," संचालक उठत म्हणाले. "लॅब राहील. मी स्वतः पाहिलं. आमच्या फरशीवरसुद्धा एवढी गाडी जाणार नाही."

मोठ्या बाई डोळ्यांनीच बाईंना सांगत होत्या, आभार माना, संपवा. आणि खरंच, काय बिघडलं असतं? लॅब राहिली असती. दोरा कुणाला दिसला नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा गाडी काढली असती, पुन्हा शिकवलं असतं. पण बाईंची नजर वर्गावर गेली. सगळे आनंदात होते. सगळ्यांना वाटत होतं की आपण बाईंना वाचवलं. आणि प्रत्येकाच्या मनात आता पक्कं झालं होतं, की बाई काहीही म्हणोत, गाडी ओढल्याशिवाय चालत नाही. आज गप्प बसलं तर हे जन्मभर तसंच राहणार होतं. ही मुलं कपाटं सरकवत म्हातारी होणार होती.

"साहेब, थांबा," बाई म्हणाल्या. "हा प्रयोग चुकलाय."

"चुकलाय? अहो, मस्त झाला की."

"म्हणूनच चुकलाय. गाडीला दोरा बांधलेला आहे."

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. शिंप्याची मुलगी आपणहून उभी राहिली. तिच्या हातात रीळ होतं आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं.

"मी ओढली," ती म्हणाली. "सगळ्यांनी मिळून ठरवलं, पण ओढली मी. गाडी थांबली तर लॅब जाणार होती ना."

"अगं, पण बल लागत नाही हे दाखवायचं होतं ना आपल्याला?" बाईंचा आवाज चढला. "मग बल कशाला लावलंस?"

"बाई, तुम्ही म्हणता चालत राहते. पण ती कधीच राहिली नाही. एकदासुद्धा नाही."

खरंच राहिली नव्हती. आणि मग बाईंच्या तोंडून, राग अजून पुरता उतरलेला नसताना, सत्रभरात कधीच न विचारलेला प्रश्न निघाला.

"ओढताना हाताला काय वाटलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! तुझ्या हातात दोरा होता. जोर किती लागला? सारखा लागला? वाढला? कमी झाला? सांग ना."

मुलीने रिळाकडे बघितलं. "काल घरी खेळण्यातली गाडी घेऊन शिलाई मशीनच्या टेबलावर सराव केला तेव्हा कळलं. जास्त ओढलं की ती पळत सुटते. ढिला सोडला की मरगळते. एकच बारीकसा जोर असतो, तेवढाच धरून ठेवला की ती एकसारखी जाते. पळत नाही आणि थांबत पण नाही. मग आज ही दुसरी चिकटली तेव्हा दोरा बोटात रुतला. एक हिसका द्यावा लागला, आणि त्यानंतर डबल जोर लागायला लागला."

"बरं. आणि तो एकसारखा जोर केवढा?"

"केवढा म्हणजे... मागे जेवढं खेचल्यासारखं वाटत होतं तेवढाच."

"मागे कोण खेचत होतं?"

"घर्षण," मुलगी म्हणाली, आणि थांबली.

टेबलाच्या या टोकाला वकिलाचं तोंड उघडंच राहिलं होतं. "एक मिनिट," तो म्हणाला. संचालक उभे आहेत, मोठ्या बाई आहेत, याचं त्याला भानच नव्हतं. "एक मिनिट. म्हणजे ही पुढे ओढतेय, घर्षण मागे ओढतंय, दोन्ही सारखं. म्हणजे संतुलित. पण गाडी तर चालत होती!"

"चालत होती!" बाई जवळजवळ किंचाळल्याच.

"म्हणजे तिचा जोर गाडी चालवायला लागतच नव्हता. तो सगळा घर्षणाशी मारामारी करण्यात जात होता. घर्षणच नसतं तर..." वकिलाने शिंप्याच्या मुलीकडे बघितलं. "तर तू दोरा सोडून दिला असतास तरी चाललं असतं."

"हो," ती म्हणाली. "तसंच वाटत होतं हाताला. पण मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

मग जो गोंधळ झाला तो बाईंना आवरेना. मॉनिटरला दोरा हातात हवा होता. मागच्या बाकांवरून मुलं टेबलाकडे घुसली. कुणी म्हणत होतं सायकलचंही असंच, पायडल फक्त रस्त्याच्या आणि वाऱ्याच्या घर्षणापुरतं. कुणी म्हणत होतं मग मोटारीचं इंजिन पण तेवढ्यासाठीच. बाईंच्या भुवईकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

संचालक या गर्दीतून अंग चोरत दाराशी पोचले. त्यांचा चेहरा पडला होता, आणि त्यांचं काही फारसं चुकलं होतं असंही नाही. त्यांना एवढंच कळलं होतं की त्यांनी ज्यासाठी टाळ्या वाजवल्या ती लबाडी होती.

"बाई," ते म्हणाले, "पडद्यावर निदान असा दोरा तरी कुणी बांधणार नाही."

लॅब गेली.

मोठ्या बाई नंतर बाईंना ओसरीच्या कोपऱ्यात घेऊन जे बोलल्या ते बाईंनी मुकाट्याने ऐकून घेतलं. "हाती आलेलं घालवलंत. दोन मिनिटं गप्प बसता आलं नाही तुम्हाला? नंतर शिकवलं असतंत ना त्यांना, दहा वेळा शिकवलं असतंत!" बाईंना हे खोटं वाटत नव्हतं. रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि त्यानेही तेच विचारलं. त्यावर त्या स्वतःवरच चिडल्या.

सुटीत टेबलं गेली. काच कुठे गेली कुणालाच माहीत नाही. नव्या सत्रात खोलीला नवा रंग होता, समोर भिंतभर पडदा होता, आणि मागच्या कोपऱ्यात बाईंसाठी एक खुर्ची होती. बाईंच्या हातात रिमोट होता. तास सुरू झाल्यावर दाबायचा, तास संपल्यावर दाबायचा. शेजारीच संचालकांसाठी नवं कार्यालय काढलं होतं, म्हणजे ते आले की मुलं शांत आहेत ना हे भिंतीतूनच कळावं.

पहिल्या आठवड्यात मागच्या सत्राची उजळणी होती. नावाजलेले सर पडद्यावर आले. केस व्यवस्थित, शर्ट कडक, आवाज गोड. मागे चांदण्या फिरत होत्या. त्या कशासाठी फिरत होत्या हे बाईंना कळलं नाही. सर म्हणाले, "वस्तूवरची सगळी बलं संतुलित झाली, की वस्तू स्थिर राहते. लक्षात ठेवा. संतुलित म्हणजे स्थिर." आणि पडद्यावर ते वाक्य पिवळ्या अक्षरांत उमटलं.

बाई खुर्चीत ताठ झाल्या. अर्धंच सांगितलं. इतक्या साऱ्या शाळांत, एका साच्यातून, अर्धंच. पण त्यांनी काही केलं नाही. त्यांना आता शिकवायचं नव्हतं. त्यांना बटण दाबायचं होतं.

मागच्या बाकावर शिंप्याच्या मुलीचा हात वर गेला.

सर बोलतच होते. ते हसले, त्यांनी एक विनोद केला, आणि ज्या जागी मुलांनी हसावं तिथे जरा थांबले. मुलगी हात वर करून बसून राहिली. मग वकिलाचा हात वर गेला. मग मॉनिटरचा. पुढे एकेक करत अर्धी नववी पडद्याकडे हात वर करून बसली. पडद्यावरचे सर त्यांच्याकडे बघत गोड हसले आणि म्हणाले, "समजलं ना सगळ्यांना? छान! चला पुढे."

"पुढे कुठे चाललेत?" वकील ओरडला. "ओ सर! चूक आहे ते!"

बाईंना त्या मुलांची इतकी दया आली, आणि त्या माणसाचा इतका संताप आला, की बटण कधी दाबलं हे त्यांना कळलंही नाही. सर तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजले. चांदण्या थांबल्या. खोली एकदम शांत झाली आणि सगळे मागे वळून बाईंकडे बघायला लागले.

"हं," बाई शिंप्याच्या मुलीला म्हणाल्या. "बोल."

मुलगी उभी राहिली. आणि तिने तोंड उघडण्याआधीच चौघांना बोलायचं होतं, दोघं भांडायला लागले, कुणीतरी पडद्यावरच्या पिवळ्या अक्षरांवर बोट आपटत होतं. एवढा आरडाओरडा या खोलीत रंग दिल्यापासून झाला नव्हता. बाईही ओरडत होत्या. एकेकाने बोला, एकेकाने, बहिरी झाले मी!

तेवढ्यात दार उघडलं. मोठ्या बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी थिजलेल्या सरांकडे बघितलं, उभ्या वर्गाकडे बघितलं, बाईंच्या हातातल्या रिमोटकडे बघितलं. मग शेजारच्या कार्यालयाच्या दाराकडे एक नजर टाकली. बाईंना वाटलं, झालं, आता हीही खुर्ची गेली.

"जरा हळू," मोठ्या बाई म्हणाल्या. आणि त्यांनी दार बाहेरून घट्ट लावून घेतलं.